फोन ‘येणे’ म्हणजे काय?

मराठीत कौशल्य माणसाकडे चालत येते. पोहता येते, तबला येतो, गणित येते किंवा येत नाही. त्यामुळे ‘आजींना फोन येतो का?’ या प्रश्नाला दोन अर्थ आहेत. पहिल्या अर्थाचे उत्तर घरातील कुणीही देऊ शकतो: येतो, रोज संध्याकाळी मुलीचा. दुसऱ्या अर्थाचे उत्तर शोधण्यासाठी मानसशास्त्रज्ञ, वार्धक्यशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ गेली काही वर्षे प्रश्नावल्या तयार करीत आहेत, आणि ते काम बाहेरून दिसते त्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने मे २०२५ मध्ये दूरसंचारविषयक सर्वेक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जानेवारी ते मार्च २०२५ या काळात गोळा केलेल्या या माहितीनुसार देशातील ८५.५ टक्के कुटुंबांत किमान एक स्मार्टफोन आहे आणि ८६.३ टक्के घरांत इंटरनेट पोहोचले आहे. ऑनलाइन बँक व्यवहार करता येतात असे सांगणाऱ्या, पंधरा वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ९९.५ टक्के यूपीआय वापरतात. वृत्तपत्रांनी या आकड्यांचे मथळे केले, ते साहजिकच होते. परंतु पहिल्या दोन आकड्यांचे एकक कुटुंब आहे. पाच जणांच्या घरात एक स्मार्टफोन असेल आणि तो दिवसभर नातवाच्या खिशात असेल, तरी ते घर ८५.५ टक्क्यांत मोजले जाते. तिसऱ्या आकड्याचे एकक व्यक्ती आहे, पण त्यातील ‘करता येतात’ हे शब्द कुणाच्या तोंडचे आहेत, हे पाहावे लागते. मोठ्या कौटुंबिक सर्वेक्षणांत सामान्यतः घरातील एखादी जाणकार व्यक्ती सर्वांच्या वतीने उत्तरे देते. म्हणजे आजींना काय येते, हे सूनबाई सांगतात, आणि सूनबाईंना काय येते, हे पुष्कळदा त्यांचे यजमान सांगतात.

हा तपशील किरकोळ नाही. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. अधिकृत प्रक्षेपणानुसार ती २०२१ मध्ये १३.८ कोटी झाली आणि २०३१ पर्यंत १९.४ कोटी होईल. या पिढीची साक्षरता २०११ मध्ये ४४ टक्के होती. पुरुषांत ५९ टक्के, स्त्रियांत अवघी २८ टक्के. निवृत्तिवेतन, बँक, रुग्णालयातील वेळ, स्वयंपाकाच्या गॅसची नोंदणी, रेल्वेचे तिकीट या सर्व गोष्टी जेव्हा एका काचेच्या पडद्यामागे जातात, तेव्हा त्या काचेवर बोट कसे ठेवावे हे किती जणांना ठाऊक आहे, ही संख्या खिडकीवरचा माणूस काढावा की ठेवावा हे ठरवते. चुकीची संख्या खिडकी बंद करू शकते.

मोजण्याची आज सर्वाधिक परिचित पट्टी अमेरिकेत तयार झाली. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतील नेल्सन रोक आणि वॉल्टर बूट यांनी वृद्धांसाठी ‘मोबाइल डिव्हाइस प्रोफिशियन्सी क्वेश्चनेअर’ नावाची प्रश्नावली रचली. ती २०१८ साली वार्धक्यशास्त्राच्या एका नियतकालिकाच्या अंकात छापली गेली. तिच्यात ४६ विधाने आणि आठ विभाग आहेत: उपकरणाची प्राथमिक हाताळणी, संवाद, माहिती साठविणे, इंटरनेट, दिनदर्शिका, करमणूक, गोपनीयता आणि बिघाड-दुरुस्ती. सोळा विधानांची छोटी आवृत्तीही आहे. प्रत्येक विधानापुढे पाच पर्याय असतात: कधी केलेच नाही, अजिबात जमत नाही, फारसे सहज जमत नाही, बऱ्यापैकी सहज जमते, अगदी सहज जमते. प्रत्येक विभागाची सरासरी काढून आठांची बेरीज केली की ८ ते ४० यांमधील एक गुणसंख्या हाती येते.

प्रश्नावली चांगली आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. ती स्वस्त आहे, कागदावर चालते, काही मिनिटांत पूर्ण होते, आणि आठ विभागांमुळे कुणाचे कुठे अडते हे दिसते. तिचा दोष तिच्या जन्मस्थानाचा आहे. छोट्या आवृत्तीतील संवादाची दोन्ही विधाने ईमेलविषयी आहेत: ईमेल पाठविणे आणि ईमेलने छायाचित्र पाठविणे. दिनदर्शिकेची दोन विधाने भेटीगाठींच्या नोंदी करण्याविषयी आणि त्या तपासण्याविषयी आहेत. साठवणुकीच्या विभागात फोनवरची माहिती संगणकावर नेण्याची गोष्ट येते. ज्या घरात संगणक कधी नव्हताच, ज्या पिढीने आयुष्यात ईमेल लिहिला नाही आणि जिची दिनदर्शिका भिंतीवर टांगलेली असून तिच्यात दुधाचा हिशेब लिहिला जातो, त्या घरात ही विधाने नेमके काय मोजतात?

दोन माणसांची कल्पना करावी. पहिली लखनौमधील सत्तरीची गृहिणी, चौथी शिकलेली. तिला टंकलेखन येत नाही. ती माइकचे चिन्ह दाबून भजन शोधते. मस्कतमधील मुलाला ती व्हिडिओ कॉल लावते, कारण त्याचे छायाचित्र यादीत सर्वांत वर चिकटवून ठेवलेले आहे. व्हॉट्सॲपवर ती आवाजातले निरोप पाठवते, आणि निरोप मुलाने ऐकला की त्याशेजारच्या खुणेचा रंग बदलतो हे तिने स्वतःच हेरले आहे. दुसरा चेन्नईतील निवृत्त बँक अधिकारी. त्याला ईमेल, जोडपत्रे, पासवर्ड, ॲपची अद्ययावत आवृत्ती, सारे येते. या प्रश्नावलीवर पहिलीचे गुण तळाशी राहतील, दुसऱ्याचे कमाल मर्यादेजवळ जातील. या दोघांत प्रचंड अंतर आहे असे पट्टी म्हणेल. अंतर आहेच, पण पट्टीने पहिलीजवळ असलेल्या कौशल्यांपैकी जवळजवळ एकही विचारलेले नाही. शून्य वाचन आणि शून्य राशी यांतला फरक प्रयोगशाळेत पहिल्या वर्षीच शिकवतात. सर्वेक्षणात तो विसरला जातो.

टेलिफोनला माणूस मोजण्याचे साधन बनविण्याची कल्पना मात्र स्मार्टफोनहून बरीच जुनी आहे. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी या अमेरिकी संशोधकांनी वृद्धांच्या दैनंदिन स्वावलंबनाची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यातील एक बाब टेलिफोनची होती, आणि तिला चार पायऱ्या होत्या: स्वतः नंबर शोधून फिरवतो, काही पाठ असलेले नंबर फिरवतो, आलेला फोन घेतो पण फिरवत नाही, फोन वापरतच नाही. मौज अशी की पहिल्या तिन्ही पायऱ्यांना एकच गुण होता. घंटी वाजल्यावर उचलता आले तरी पुरे. कारण त्या मोजपट्टीला कौशल्याची प्रतवारी करायची नव्हती. माणूस घरात एकटा राहू शकेल का, एवढेच विचारायचे होते. कशासाठी मोजायचे आहे हे ठरले की कुठे कापायचे तेही ठरते. आजच्या प्रश्नावल्यांत हा विचार क्वचितच इतका स्वच्छ असतो.

तोच धागा भारतातही आला आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने चालविलेल्या ‘लासी’ या दीर्घकालीन वार्धक्य अभ्यासाची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींना तिच्यात प्रश्न विचारले गेले. ‘फोन करण्यात अडचण येते का?’ हा त्यातील दैनंदिन कामांविषयीचा एक प्रश्न. येथे एक सूक्ष्म सापळा आहे. एखाद्या स्त्रीने आयुष्यात कधीच स्वतः फोन लावला नसेल, तर तिची ‘अडचण’ आणि काल-परवापर्यंत सहज फोन लावणाऱ्या, पण आता आकडे विसरू लागलेल्या गृहस्थाची ‘अडचण’ एकाच रकान्यात पडते. पहिली शिकण्याच्या संधीची उणीव आहे. दुसरी कदाचित स्मृतिभ्रंशाची पहिली खूण आहे, आणि वैद्याने ती वेळीच ओळखली पाहिजे. एका वेळच्या मोजणीने या दोन्ही वेगळ्या काढता येत नाहीत. त्याच व्यक्तीला काही वर्षांनी पुन्हा विचारावे लागते. स्थान माहीत असले तरी वेग कळत नाही, इतकी साधी ही गोष्ट आहे.

आता बोटाकडे वळू. स्मार्टफोनचा पडदा दाब मोजत नाही. काचेखाली पारदर्शक विद्युतवाहकांच्या आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते आणि प्रत्येक छेदबिंदूशी एक अगदी लहान धारिता असते. बोट जवळ आले की तेथील विद्युतक्षेत्राचा काही भाग बोटाकडे वळतो, धारिता किंचित बदलते, आणि तो बदल ठरावीक उंबरठ्यापलीकडे गेला तर फोन ‘स्पर्श झाला’ असे मानतो. वयाबरोबर त्वचा कोरडी होते आणि कोरड्या, सुरकुतलेल्या बोटाचा काचेशी होणारा प्रत्यक्ष संपर्क कमी असतो. संकेत दुबळा पडतो. मग माणूस जोर लावतो, ज्याचा फारसा उपयोग नाही, आणि बोट जास्त वेळ टेकवून ठेवतो, ज्याने घोटाळा होतो.

घोटाळा कसा, तर अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॅप’ आणि ‘दाबून धरणे’ या दोन क्रियांमधली सीमा सुमारे ४०० मिलिसेकंद असते. त्याहून जास्त वेळ बोट राहिले की फोन वेगळाच मेनू उघडतो, किंवा पडद्यावरचे चिन्ह उचलून हलवायला तयार होतो. दुसरी सीमा अंतराची. बोट साधारण सव्वा मिलिमीटरहून जास्त सरकले, तर तो टॅप राहत नाही. ते सरकवणे होते. म्हणजे तीन वेगवेगळे हुकूम एकमेकांपासून वेगळे ठेवणाऱ्या भिंती आहेत ०.४ सेकंद आणि सव्वा मिलिमीटर. वृद्धांत आढळणाऱ्या हाताच्या सामान्य कंपाची वारंवारता ४ ते १२ हर्ट्झ असते. ०.४ सेकंदात असा हात दीड ते पाच वेळा हलतो. त्याचा आयाम सव्वा मिलिमीटर ओलांडणे ही मुळीच विलक्षण गोष्ट नाही. आजोबांनी बरोबर जागी, बरोबर हेतूने बोट ठेवलेले असते. फोन त्याचा अर्थ ‘सरकव’ असा लावतो. छायाचित्र नाहीसे होते. आणि आजोबा म्हणतात, ‘मला हे येत नाही.’

प्रश्नावलीत ते ‘अजिबात जमत नाही’ या पर्यायावर खूण करतील. ही खूण कुणाचा गुणधर्म नोंदवते? आजोबांचा, की कुठल्या तरी अभियंत्याने तरुण हातांकडे पाहून ठरविलेल्या उंबरठ्याचा? मोजमापाच्या भाषेत बोलायचे तर ही पद्धतशीर चूक आहे. हजार माणसांची सरासरी काढून ती पुसली जात नाही. आणि ती बदलता येते, हे अधिक महत्त्वाचे. बोट किती वेळ टेकले म्हणजे ‘दाबून धरले’ असे मानायचे, ही सीमा वाढविण्याची सोय फोनच्या सुलभता विभागात असते. तेथे पोहोचण्यासाठी मात्र सेटिंग्जमधले तीन-चार पडदे अचूक टॅप करीत ओलांडावे लागतात. कुलूप उघडण्याची किल्ली कपाटात आणि कपाटाला तेच कुलूप.

बटणाच्या आकाराचा हिशेब त्याहून जुना आहे. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखविले की लक्ष्यापर्यंत हात नेण्यास लागणारा वेळ हा अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमप्रमाणे वाढतो. अंतर तेवढेच ठेवून बटण दुप्पट रुंद केले की ठरावीक वेळ वाचतो, आणि ज्या हाताचा हा उतार तीव्र, त्याचा जास्त वाचतो. वयाबरोबर उतार तीव्र होतो, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. गूगल बटणाची किमान रुंदी सुमारे ९ मिलिमीटर असावी असे सुचविते. आपल्याकडच्या कित्येक सरकारी ॲपमधली ‘मागे जा’ची खूण फुटपट्टी लावून पाहावी, विद्यार्थ्यांसाठी हा एका दुपारचा चांगला प्रकल्प आहे.

मग पट्टी भारतासाठी कशी बनवायची? भाषांतर करून भागणार नाही, हे भारतीय संशोधनाने एकदा दाखवून दिलेले आहे, तेही दुसऱ्या विषयात. १९७५ पासून जगभर वापरली जाणारी बौद्धिक क्षमतेची एक तीस गुणांची चाचणी आहे. तिच्यात एक इंग्रजी शब्द उलटा उच्चारायचा असतो, कागदावरची सूचना वाचून डोळे मिटायचे असतात, एक वाक्य लिहायचे असते. हरियाणातील बल्लभगढच्या ग्रामीण भागात, जेथे बहुसंख्य वृद्ध कधी शाळेत गेले नव्हते, तेथे मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे ही चाचणी निरुपयोगी ठरण्याचा प्रश्न उभा राहिला. त्यांनी १९९० च्या दशकात तिची हिंदी आवृत्ती घडविली. शब्द उलटा सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. सूचना वाचण्याऐवजी परीक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहून तो करतो तसे करायचे, म्हणजे डोळे मिटायचे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगायचे. मोजायची राशी तीच राहिली. तिच्यापर्यंत जाणारी वाट बदलली. निरक्षरता आणि स्मृतिभ्रंश यांची गल्लत त्यामुळे बरीच टळली. फोनच्या बाबतीत असे काम व्हायचे असेल तर ‘ईमेलने छायाचित्र पाठविणे’ याचे मराठी, तमिळ किंवा ओडिया भाषांतर करणे पुरेसे नाही. त्याच्या जागी ‘आलेले छायाचित्र दुसऱ्या नातेवाइकाला पुढे पाठविणे’ ठेवावे लागेल, आणि हे दोन प्रश्न सारख्याच काठिण्याचे आहेत की नाहीत, हे तपासावे लागेल.

ते तपासण्याचे गणित उपलब्ध आहे. डेन्मार्कचे गणितज्ञ गेओर्ग राश यांनी १९६० मध्ये मांडलेल्या प्रतिमानात माणसाची क्षमता आणि प्रश्नाचे काठिण्य एकाच रेषेवर ठेवतात. दोन्ही समान असतील तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी. क्षमता जितकी पुढे, तितकी शक्यता जास्त. या मांडणीचे बळ असे की प्रश्नच परीक्षेला बसतो. एकसारख्या क्षमतेच्या दोन गटांना एकच प्रश्न वेगवेगळा कठीण जात असेल, तर दोष प्रश्नाचा. ईमेलचा प्रश्न लखनौमध्ये या कसोटीवर टिकणार नाही, असा अंदाज कुणीही करील. परंतु अंदाज आणि आकडा यांत शास्त्राचे सगळे काम असते.

स्वतःच्या तोंडून दिलेल्या उत्तरावर किती विसंबावे, हा दुसरा पेच. आपल्याकडे ‘मला कुठे काय येतं!’ हे वाक्य अनेक स्त्रियांच्या तोंडी शिष्टाचार म्हणून असते, आणि निवृत्त पुरुषांच्या तोंडी पुष्कळदा त्याच्या उलट. प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावे, तर कुणाच्या फोनवर? परीक्षकाच्या फोनवर चिन्हांच्या जागा वेगळ्या असतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांचा सारा नकाशा जागांचा असतो: खालच्या ओळीत डावीकडून दुसरे हिरवे. जागा बदलली की नकाशा गेला. ही स्मृती खरी आहे, उपयोगी आहे, आणि ॲपच्या पुढच्या अद्ययावत आवृत्तीने मोडण्याजोगी आहे. तिला कौशल्य म्हणावे की सवय, यावर तज्ज्ञांचे वाद होऊ शकतात. पण ती मोजायची तर माणसाच्या स्वतःच्या फोनवरच मोजली पाहिजे.

सर्वांत मोठी अडचण मदतीची आहे. प्रश्नावलीच्या पाच पर्यायांत ‘कुणी शेजारी बसले तर जमते’ हा पर्यायच नाही, आणि भारतीय घरांतले बहुतेक वृद्ध त्याच पर्यायात राहतात. आपल्या यंत्रणांनी हे सत्य पूर्वीच स्वीकारले आहे. १ मार्च २०२१ रोजी साठ वर्षांवरील नागरिकांचे कोविड लसीकरण सुरू झाले, तेव्हा कोविन मंचावर एका मोबाइल क्रमांकावरून चार जणांची नोंदणी करता येत होती. जानेवारी २०२२ पासून सहा जणांची. याचा अर्थ, नोंदणी झालेल्या वृद्धांची संख्या ही फोन वापरणाऱ्या वृद्धांची संख्या कधीच नव्हती. यूपीआय सर्कल या २०२४ मध्ये आलेल्या सुविधेत दुय्यम वापरकर्ता व्यवहार सुरू करतो आणि प्राथमिक वापरकर्ता त्याला मंजुरी देतो. आईने दुकानात कोड टिपायचा, लेकीने दुसऱ्या गावातून पिन टाकायचा. ‘पैसे देता येतात’ हे विधान येथे दोन माणसांमध्ये वाटले गेले आहे.

हयातीच्या दाखल्याची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. निवृत्तिवेतनधारकाने दरवर्षी नोव्हेंबरमध्ये आपण जिवंत असल्याचे सिद्ध करायचे असते. ऐंशी वर्षांवरील व्यक्तींना १ ऑक्टोबरपासूनच तशी मुभा असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल व्यवस्था आली, तेव्हा बोटांचे ठसे लागत. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नसत. २०२१ मध्ये चेहऱ्याने ओळख पटविण्याची सोय झाली आणि दाखला घरातल्या फोनवरून देता येऊ लागला. अशा दाखल्यांची वाढती संख्या वृद्धांच्या डिजिटल साक्षरतेचा पुरावा म्हणून उद्धृत केली जाते. पण त्या ॲपची पहिलीच पायरी पाहावी. ते आधी ‘ऑपरेटर’ची ओळख पटवून घेते, मग निवृत्तिवेतनधारकाची. ऑपरेटर मुलगा असू शकतो, पोस्टमन असू शकतो, किंवा स्वतः निवृत्तिवेतनधारकच असू शकतो. म्हणजे फोन कुणाच्या हातात होता, हे यंत्रणा प्रत्येक वेळी विचारते. दोन्ही ओळखी एकच असलेल्या दाखल्यांचे प्रमाण वयोगटानुसार आणि वर्षानुवर्षे मांडले, तर एकही प्रश्न न विचारता मिळालेले, स्वतःच्या फुशारकीपासून आणि विनयापासून मुक्त असे मोजमाप हाती येईल. नावे पुसून केवळ प्रमाण मांडणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

त्याच ॲपमध्ये शेवटी डोळे मिचकवावे लागतात, कारण छायाचित्र आणि जिवंत माणूस यांतला भेद यंत्र पापणीच्या हालचालीवरून ओळखते. पापणी उतरलेल्या किंवा शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला हे जमत नसेल तर? हा प्रश्न बँकांच्या ई-केवायसीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयापुढे आम्लहल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींनी नेला. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि मिचकवण्याला पर्याय देण्याचे निर्देश दिले. न मिचकणारी पापणी हे अकौशल्य नव्हे, हे अखेर कायद्याच्या भाषेत लिहिले गेले. तत्पूर्वी ती व्यक्ती ‘प्रक्रिया पूर्ण करू न शकलेली’ एवढ्याच नोंदीत होती.

आता त्या चेन्नईतील कल्पित बँक अधिकाऱ्याकडे पुन्हा पाहू, कारण त्याच्या बाबतीत पट्टी वेगळ्या रीतीने फसते. २०२४ पासून ‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्द देशभर ऐकू येऊ लागला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या कार्यक्रमात त्याविषयी सावध केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये हरियाणातील एका वृद्ध दांपत्याच्या तक्रारीनंतर सर्वोच्च न्यायालयाने या गुन्ह्याची स्वतःहून दखल घेतली. पोलीस किंवा तपासयंत्रणेचा अधिकारी असल्याची बतावणी करणारा माणूस व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, समोरच्याला बसवून ठेवतो आणि पैसे वळते करून घेतो. या सापळ्यात अडकण्यासाठी काय काय यावे लागते, याची यादी करावी: अनोळखी व्हिडिओ कॉल उचलता येणे, तो चालू ठेवता येणे, कागदपत्रांची छायाचित्रे पाठविता येणे, मुदत ठेव ऑनलाइन मोडता येणे, मोठी रक्कम पाठविता येणे. प्रत्येक बाबीला प्रश्नावलीच्या धर्तीवर ‘अगदी सहज जमते’. लखनौच्या आजींचे पैसे अशा रीतीने जाऊच शकत नाहीत. त्यांना धोका आहे तो दुसऱ्या दारांनी.

म्हणजे नकार देता येणे ही वेगळीच मिती आहे, आणि ती उरलेल्या गुणांत मिसळून बेरीज केली की दिसेनाशी होते. गोपनीयतेचा विभाग पासवर्ड लावणे आणि भेट दिलेल्या संकेतस्थळांची यादी पुसणे विचारतो. ‘समोरचा स्वतःला अधिकारी म्हणवतो आणि कॉल कापू नका असे सांगतो, तुम्ही काय कराल?’ असे विचारत नाही. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे ठाऊक आहे का, असेही विचारत नाही. यूपीआयवर व्यक्तीकडून व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठविण्याची ‘कलेक्ट’ सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. तिच्या आडून होणारी फसवणूक थांबविण्यासाठी. लक्षात घेण्याजोगी बाब ही की त्या दिवशी कोट्यवधी माणसांपैकी कुणीही नवे काही शिकले नाही, तरी एका परीने सगळेच थोडे अधिक सुरक्षित झाले. धोका माणसाच्या रकान्यातून व्यवस्थेच्या रकान्यात गेला.

आंतरराष्ट्रीय तुलनांची मदत येथे फारशी होत नाही. ओईसीडीचे प्रौढ-कौशल्य सर्वेक्षण १६ ते ६५ या वयोगटापुरते आहे. त्याला कामगारांच्या बाजारपेठेत रस आहे. आपल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७८ व्या फेरीत विचारलेली माहिती-तंत्रज्ञानाची कौशल्ये शाश्वत विकास ध्येयांच्या यादीतून आली आहेत: फाइल हलविणे, ईमेलला जोडपत्र लावणे, तक्त्यात सूत्र वापरणे. ही संगणकाची भाषा आहे, आणि तिच्यात सत्तरीचा भारत मुकाच दिसणार.

स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या भाषेत, पाहून मोजणारी चाचणी करायची तर माणशी अर्धा तास सहज जाईल. ‘लासी’च्या पहिल्या फेरीएवढ्या नमुन्याला ते ३६ हजार तास होतात, कुठलीही संस्था हे करणार नाही, आणि करण्याची गरजही नाही. मोठ्या नमुन्याला स्वस्त प्रश्न विचारायचे, त्यातल्याच एका लहान उपनमुन्याची महागडी, काळजीपूर्वक चाचणी घ्यायची, आणि दुसऱ्याच्या आधारे पहिल्याची पट्टी अंशांकित करायची, ही रीत जुनी आहे. ‘लासी’नेच स्मृतिभ्रंशासाठी ती वापरली आहे: साठ वर्षांवरील चार हजारांहून अधिक व्यक्तींची स्वतंत्र, तपशीलवार बौद्धिक तपासणी करून. बल्लभगढला घडलेली ती हिंदी चाचणीही त्या तपासणीत आहे. ज्या घरात जाऊन परीक्षक आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगतात, तेथे आणखी काही मिनिटे थांबून त्यांना एवढेही सांगता येईल: ‘तुमचा फोन घ्या, मुलीला लावा. आता आलेला हा अनोळखी कॉल कापून दाखवा.’ आणि हे चालू असताना शेजारून कुणाचा हात पुढे आला का, त्याची नोंद वेगळ्या रकान्यात करता येईल.